पिनो न्वारची बाटली आणि खानदेशातला जानेवारी

निघण्याआधी

थंड प्रदेशातली रेड वाइन आणि खानदेश ही जोडी ऐकताना विजोड वाटते. मे महिन्यात ती विजोड आहेच. जळगाव-भुसावळचा पारा तेव्हा पंचेचाळिशी गाठतो आणि पेल्यातल्या वाइनचा गंध अल्कोहोलच्या वाफेखाली दबून जातो. संक्रांतीच्या आगेमागे मात्र तापीकाठची पहाट दहा-बारा अंशांवर असते, धुळ्यात ती एखाद्या वर्षी पाच-सहापर्यंत उतरते. भरताची वांगी, कांद्याची पात, ओल्या तुरीच्या शेंगा हे सगळं याच दिवसांत बाजारात असतं. म्हणून हा रस्ता जानेवारीतच करायचा. तारखा ठरवताना २६ आणि ३० जानेवारी हे ड्राय डे टाळावेत.

बाटल्या पुण्या-नाशिकहूनच घेऊन निघालेलं बरं. तालुक्याच्या दुकानात वाइन मिळते, पण ती बऱ्याचदा उन्हाळा पाहिलेली, ट्यूबलाइटखाली उभी ठेवलेली असते. आपल्या पेटीत सहा बाटल्या होत्या: नाशिकची शिराझ (ही थंड प्रदेशातली नाही, मुद्दाम तुलनेला), फ्रान्सच्या उत्तर ऱ्होन खोऱ्यातली सिरा, फ्रान्सच्याच बर्गंडी भागातली साधी 'बूर्गोन्य' पातळीची पिनो न्वार, तिकडच्याच बोजोलेची गामे, न्यूझीलंडच्या सेंट्रल ओटागोची पिनो न्वार आणि फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यातल्या शिनाँची काबर्ने फ्राँ. पिनो न्वार, गामे, काबर्ने फ्राँ या द्राक्षाच्या जाती; शिराझ आणि सिरा ही एकाच जातीची दोन नावं आहेत, आणि ती जोडी घेण्याचं कारणही तेच.

माशांसाठी वापरतात ती थर्मोकोलची पेटी, तीन-चार जेलपॅक, स्वयंपाकघरातला काडीचा डिजिटल थर्मामीटर, पोट मोठं आणि तोंड निमुळतं असलेले चार काचेचे ग्लास आणि दोन सुती पंचे, एवढं सामान पुरतं. स्टीलच्या पेल्यात ही वाइन पिऊ नये. तिचं निम्मं मोल वासात आहे आणि सरळ काठाच्या पेल्यात तो टिकत नाही. परवाना आणि खरेदीच्या पावत्या गाडीतच असाव्यात. दुकानात एक दिवसाचा परवाना मिळतो, पण असा प्रवास करायचा तर वर्षाचा काढून ठेवणं सोयीचं. परवाना नसलेल्या ढाब्यावर किंवा उघड्यावर बाटली उघडता येत नाही, तेव्हा वाइन संध्याकाळी, मुक्कामाच्या जागी, मालकाला विचारून. गाडी हाकायची ती दिवसा.

पहिला दिवस: नाशिक – सटाणा – ताहाराबाद – पिंपळनेर

बागलाण हा खानदेशचा उंबरठा. सटाण्यापासून कानावर अहिराणी पडू लागते आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षाचे मांडव दिसतात. इथली द्राक्षं 'अर्ली', म्हणजे आगाप. नाशिक-दिंडोरीकडे गोडी छाटणी, म्हणजे फळ धरण्यासाठीची छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. बागलाण, कळवण, देवळा या पट्ट्यात ती जुलै-ऑगस्टमध्येच, भर पावसात करतात. माल नोव्हेंबर-डिसेंबरात निघतो, बाजारात दुसरा माल नसल्यामुळे भाव चांगला मिळतो. त्याची किंमत डाऊनी या बुरशीरोगावरच्या फवारण्यांत आणि एखाद्या अवकाळीत चुकवावी लागते. जानेवारीत जाताना बऱ्याच बागा रिकाम्या झालेल्या असतात, काही मांडवांवर शेवटचे घड असतात.

वाइनचा या बागांशी काय संबंध? बराच आहे, कारण थंड प्रदेशातली रेड वाइन म्हणजे काय हे इथल्या एका दुखण्यावरून चटकन कळतं. डिसेंबर-जानेवारीत मण्यात पाणी उतरल्यावर, म्हणजे टणक मणी मऊ पडून पिकू लागल्यावर, रात्र एकदम गार आणि दुपार ऊबदार असं सुरू झालं की थॉमसन या खाण्याच्या द्राक्षाच्या हिरव्या मण्यांवर गुलाबी छटा चढते. यालाच बागायतदार 'पिंक बेरी' म्हणतात. निर्यातीचा माल त्यात नापास होतो, म्हणून घडांना कागद गुंडाळतात. ही गुलाबी छटा अँथोसायनिनची. लाल वाइनला रंग देणारी रंगद्रव्यं त्याच कुळातली. साल जितक्या गार रात्री पाहील तितका तो रंग टिकतो. मण्याचं तापमान ३५ अंशांपुढे गेलं की वेल रंग बनवणं जवळजवळ थांबवते आणि बनलेला रंगही मोडू लागतो. टेबल द्राक्षवाल्याला जी रात्र नको असते, तिची वाट काळ्या द्राक्षाची वाइन करणारा पाहत असतो.

रंगाहून मोठी गोष्ट आंबटपणाची. कच्च्या मण्यात दोन मुख्य आम्लं असतात, टार्टारिक आणि मॅलिक. टार्टारिक बऱ्यापैकी टिकून राहतं. मॅलिक मात्र वेल श्वसनात जाळून टाकते, आणि उकाडा जितका जास्त तितकं ते भरभर जळतं. उष्ण भागात साखर २३-२४ ब्रिक्सवर (रसातल्या साखरेचं माप) पोहोचेपर्यंत आम्ल ढासळलेलं असतं, पीएच (आंबटपणा कमी तितका हा आकडा जास्त) ३.७-३.८ च्या वर गेलेला असतो. मग टाकीत टार्टारिक आम्ल वरून घालावं लागतं. गार भागात साखर सावकाश चढते, आम्ल शिल्लक राहतं, वास तयार व्हायला वेळ मिळतो. त्या वाइनचा पीएच साधारण ३.४ ते ३.६ आणि अल्कोहोल १२ ते १३.५ टक्के. तोंडात ती हलकी लागते, घोट गिळल्यावर जिभेच्या कडांना पाणी सुटतं. आकर्षण तिथेच आहे: दुसरा घास घ्यावासा वाटतो.

आता महाराष्ट्रातली अडचण. 'आपल्याकडेही थंडी असतेच की' असं नेहमी ऐकू येतं. असते. पण वेलीच्या कुठल्या अवस्थेत? बर्गंडीत जूनमध्ये फुलोरा, ऑगस्टच्या सुमारास मण्यात पाणी उतरतं, सप्टेंबरात काढणी. म्हणजे शेवटचा दीड महिना हवा उतरणीला लागलेली असते. नाशिकच्या वाइन द्राक्षाला गोडी छाटणीनंतर पाणी उतरतं ते डिसेंबर-जानेवारीत, आणि काढणी होते जानेवारी ते मार्चमध्ये. उशिराच्या जातींचे शेवटचे आठवडे चढत्या उन्हात जातात. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात नाशिकची दुपार काय असते ते सांगायला नको. थंडी आली, पण मणी टणक होते तेव्हा. बागलाणची आगाप छाटणी मात्र, बाजारभावासाठी का होईना, पिकण्याचा काळ उतरत्या हवेत आणून ठेवते. हे सूत्र तोरणमाळपर्यंत हातात ठेवायचं.

पिंपळनेरला अंधार पडता पडता खोलीत थर्मामीटर २२ दाखवत होता, बाहेर १५. पहिल्या संध्याकाळी काही उघडायचं नाही. दिवसभर हिंदकळलेल्या बाटल्या आडव्या ठेवून द्यायच्या.

दुसरा दिवस: पिंपळनेर – साक्री – धुळे

साक्रीपर्यंतचा रस्ता छोटा, पण सकाळी दहा ते चार गाडीच्या काचांतून ऊन आत येतं. जानेवारीतही बंद गाडी उन्हात उभी केली की आतला पारा चाळिशी सहज गाठतो. त्या उष्णतेत वाइन फुगते, बूच वर सरकतं आणि त्याच्या कडेने लाल थेंब ओघळतो. असा थेंब दिसलेली बाटली वाया गेलेलीच समजावी. तिला शिजवलेल्या मनुक्यांचा वास येतो. चहाला थांबलं तरी पेटी सावलीत, सीटच्या खाली, पंच्याने झाकलेली.

धुळ्याला संध्याकाळी शेवभाजी. काळा मसाला, भाजलेलं खोबरं-कांद्याचं वाटण, वर बोटभर तेलाचा तवंग आणि ऐन वाढताना टाकलेली जाड तिखट शेव. शेव आधी घातली की लगदा होतो. या रश्श्याशेजारी शिराझ आणि सिरा एकत्र उघडल्या.

तिखट आणि वाइन यांचं नातं नीट समजून घेतलं पाहिजे. मिरचीतलं कॅप्सेसिन तोंडातल्या ज्या ग्राहीला (रिसेप्टरला) चेतवतं, तीच अल्कोहोलनेही जास्त संवेदनशील होते. त्यामुळे १४.५ टक्क्यांची वाइन शेवभाजीवर घेतली की तिखट दुपटीने पेटतं. त्यात टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या सालीतून येणारा तुरटपणा, जाड असलं की जिभेला खरखर लागते, ओक बॅरलचा व्हॅनिलासारखा वास मसाल्यात परका वाटतो. नाशिकची शिराझ एरवी मटणावर छान वाटते, इथे दोन घासांत थकवा आणत होती. ऱ्होनची सिरा १३ टक्क्यांची, आंबटपणा जागा असलेली, आणि तिच्यात काळ्या मिऱ्याचा स्पष्ट वास.

हा वास कल्पनेतला नाही. रोटुंडोन नावाचं संयुग मिऱ्यात असतं आणि सिराच्या सालीतही. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ साली ते ओळखून काढलं. लिटरमागे अवघे १६ नॅनोग्रॅम असले तरी माणसाला रेड वाइनमध्ये जाणवतं, म्हणजे ऑलिंपिकच्या पोहण्याच्या तलावात चिमूटभर. गंमत अशी की सुमारे पाचातल्या एकाला हा वास येतच नाही. टेबलावर चौघे मिरी मिरी म्हणत असतील आणि पाचवा गप्प असेल तर त्याचं नाक खराब नाही. घड पिकताना गारवा आणि सावली असली की रोटुंडोन जास्त तयार होतं, उन्हात ते घटतं. एकाच जातीची वेल नाशिकला जांभूळ-चॉकलेटकडे झुकते आणि ऱ्होनच्या उत्तर टोकाला मिरीकडे, ते या कारणाने.

तापमानाचं इथेच सांगून टाकू, कारण सगळा खेळ त्यावर आहे. 'रेड वाइन रूम टेंपरेचरला प्या' हा सल्ला युरोपातल्या जुन्या दगडी घरांचा, जिथे खोलीच १६-१८ अंशांची असायची. धुळ्याच्या लॉजमधली खोली जानेवारीतही २२-२४. सिरा १६ अंशांवर, पिनो १४-१५ वर, गामे १२-१३ वर प्यावी. बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि मूठभर मीठ घातलं की २५ अंशांची बाटली दहा-बारा मिनिटांत १५ वर येते. नुसता कोरडा बर्फाचा चुरा असेल तर दुप्पट वेळ लागतो, कारण काचेला सगळीकडून स्पर्शच होत नाही. घरगुती फ्रिजमध्ये तास-सव्वा तास. फ्रीझरमध्ये ठेवून विसरलात तर उणे पाच-सहाच्या आसपास ती गोठते आणि बूच बाहेर येतं. बर्फ मिळाला नाही तर पंचा ओला करून बाटलीला गुंडाळावा आणि वाऱ्याच्या झोतात ठेवावी. खानदेशची हिवाळी हवा इतकी कोरडी असते की दुपारीही बाटली आठ-दहा अंशांनी उतरू शकते. कोकणात हे जमत नाही.

उलट चूकही होते. दहा अंशांच्या खाली नेली की वास मिटतो आणि टॅनिन कडू लागतं. लोक तेव्हा वाइनला नावं ठेवतात.

तिसरा दिवस: धुळे – पारोळा – एरंडोल – जळगाव

नव्वदेक किलोमीटर, सरळ रस्ता. दोन्ही बाजूंना वेचणी संपलेला कापूस, आणि शेताच्या बांधावर रचलेल्या पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं. या पऱ्हाट्यांचं महत्त्व संध्याकाळी कळतं.

जळगावचं भरिताचं वांगं हिरवट, लांबट, पांढऱ्या रेघांचं आणि बियांना कमी. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आसोदा, बामणोद ही नावं या वांग्यासाठी घेतली जातात. ते गॅसवर भाजून चालत नाही. पऱ्हाट्यांच्या जाळावर, सालीची राख होईपर्यंत भाजतात, देठ धरून सोलतात, आणि लाकडी खोलगट भांड्यात मुसळीने ठेचतात. तेलात तळलेल्या हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात, कोथिंबीर. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेल्या पिठाची.

पिनो न्वार उघडायची ती इथे. बर्गंडीची पिनो दिसायला फिकी असते, ग्लासमागे बोट धरलं तर दिसतं. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं पाणी घातलंय. या जातीची साल पातळ, आणि तिच्यात रंगद्रव्यांचा टिकाऊ, ॲसिलयुक्त प्रकार नसतोच. बाकीच्या बहुतेक काळ्या जातींत तो असतो. रंग फिका म्हणजे वाइन पातळ, हा हिशेब पिनोला लावायचा नाही. वासात चेरी, रासबेरी, आणि दोन-तीन वर्षं झाली असतील तर ओल्या पानांचा, मातीचा, अळंब्यांचा वास. टॅनिन असतं, पण ते जिभेवर ओरखडा काढत नाही.

भरिताशी तिचं जमण्याची तीन कारणं. धूर हे पहिलं. लाकूड जळताना त्यातल्या लिग्निनपासून ग्वायकॉल तयार होतं. पऱ्हाटीच्या धुरात ते आहे आणि आतून भाजलेल्या ओकच्या पिंपातही. त्यामुळे वांग्याचा धूर आणि वाइनचा ओक एकमेकांत मिसळतात. दुसरं तेल. भरितात तेल सढळ असतं, आणि वाइनचा आंबटपणा जिभेवर चढलेला त्याचा थर कापून काढतो. तिसरं कारण भरिताचा मऊपणा. त्यात चावायला जाड काही नाही, म्हणून जाड टॅनिनची वाइन त्याच्यावर कुरघोडी करते. पिनो बरोबरीने चालते.

बिघडतं कुठे? मिरच्या फार तिखट निघाल्या तर. हिरव्या मिरचीचं प्रमाण किलोभर वांग्यांना दहा-बारा मध्यम मिरच्यांवर ठेवलं की पिनो ऐकू येते, त्यापुढे नुसती गार आणि आंबट लागते. भरितावर लिंबू पिळू नये, वाइनचा आंबटपणा त्यापुढे भुईसपाट होतो. सोबत ठेचा घेणाऱ्याने वाइन सोडून ताक घ्यावं, दोन्ही एकत्र नको. आणि खापराचे मांडे मागवले असतील तर ग्लास आधी संपवावा. पुरणाच्या गोडव्यापुढे कुठलीही कोरडी रेड वाइन आंबलेली वाटते, त्यात पिनोचा दोष नाही.

ग्लासात एका वेळी ७५ मिलिलिटरच ओतावी, दीडशे नाही. खोलीत वाइन पंधरा-वीस मिनिटांत तीन-चार अंशांनी चढते. थोडं ओतलं की बाटली गार राहते आणि ग्लासातली संपता संपता फुलते. १३ अंशांवर ओतलेली पिनो १६ ला येईपर्यंत तीन वेगळे वास देऊन जाते, हे या वाइनचं खास. नाशिकची शिराझ असं करत नाही, ती पहिल्या घोटात सगळं सांगून मोकळी होते.

पिनोची वेल शेतकऱ्याला मात्र छळते. घड गच्च, मणी एकमेकांना चिकटलेले, पाऊस लागला की मधूनच कूज धरते. डोळे लवकर फुटतात, त्यामुळे एप्रिलमधलं हिमदव कोवळ्या फुटव्यांवर पडतं. २०१६ आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये बर्गंडीत मोठं नुकसान झालं. तिथे रात्रभर बागेत पॅराफिनचे डबे पेटवतात. निफाडकडे पारा चार-पाचवर आला की पहाटे शेकोट्या पेटवतात आणि ठिबक सुरू ठेवतात, तसंच. फरक इतकाच की तिकडे फुटवा वाचवायचा असतो आणि इकडे फुगलेला मणी.

चौथा दिवस: जळगाव – भुसावळ – सावदा – यावल

निघताना मेहरूणची बोरं घेतली. तापी ओलांडली की केळी सुरू होते ती संपत नाही. सावदा-रावेर पट्ट्यात ट्रक भरण्याची घाई पहाटेपासून चाललेली. आज बघण्यासारखं तेवढंच आहे, आणि वाइनच्या दृष्टीने नेमकं तेच लागतं.

बोजोलेच्या गामेला पिकलेल्या केळ्याचा वास येतो. सगळ्याच बाटल्यांना नाही, कोवळ्या आणि स्वस्त बाटल्यांना जास्त. तिथे द्राक्ष चुरडत नाहीत. अख्खे घड देठांसकट बंद टाकीत भरतात. खालचे घड वजनाने फुटून आंबू लागतात, त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड टाकी भरतो, आणि वरच्या अख्ख्या मण्यांच्या आतच प्राणवायूविना विकरांची क्रिया सुरू होते. मण्याच्या आत साधारण दोन टक्के अल्कोहोल तयार झाल्यावर मणी फुटतो, मग यीस्ट पुढचं काम करतं. सालीशी संबंध थोडा, म्हणून टॅनिन कमी आणि फळाचा वास भरपूर. केळ्याचा वास देणारं आयसोअमाइल ॲसिटेट यीस्ट तयार करतं. केळी पिकताना तेच रेणू सुटतात. नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाजारात येणाऱ्या 'बोजोले नूव्हो'त हा वास सर्वांत ठळक. ती वाइन ठेवायची नसते, जानेवारीपर्यंत तिची तडफ उतरायला लागते. गावांच्या नावाने विकली जाणारी बोजोले, मोर्गाँ किंवा फ्लरी, ही वेगळी, ती पाच-सात वर्षंही टिकते.

गामेला बर्गंडीत एकेकाळी हद्दपार केलं होतं. १३९५ साली बर्गंडीचा ड्यूक फिलिप याने फर्मान काढून ही जात उपटायला लावली, कारण ती भरपूर पिकते आणि पिनोची जागा खाते. ती दक्षिणेकडच्या ग्रॅनाइटच्या टेकड्यांवर रुजली, तिथे तिला मातीही मानवली. भरपूर पिकणाऱ्या जातीकडे संशयाने बघणं खानदेशातल्या कापूसवाल्याला नवं नाही.

यावलला १२ अंशांवर उघडली. पातोड्यांचा रस्सा, म्हणजे बेसनाच्या वड्या झणझणीत आमटीत. शेवभाजीइतकीच तिखट, पण गामेत टॅनिन नसल्यागत, त्यामुळे जाळ वाढत नाही. या सहांतली खानदेशी जेवणाला सर्वांत सोपी बाटली कुठली विचाराल तर हीच. विचार करायला लावणारी मात्र नाही.

पाचवा दिवस: यावल – चोपडा – शिरपूर – शहादा – तोरणमाळ

सातपुडा उजवीकडे ठेवून बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याने लांबलचक मजल. शहाद्याहून तोरणमाळ पन्नास-पंचावन्न किलोमीटर, शेवटचा भाग सातपायरी घाटाचा. अंधार पडण्याआधी घाट चढून जावा आणि पेट्रोल शहाद्यातच भरावं.

तोरणमाळ सुमारे ११५० मीटरवर. शहाद्याचं मैदान त्याहून साधारण हजार मीटर खाली. दर शंभर मीटरला हवा सुमारे ०.६ अंशाने उतरते, म्हणजे सहा अंशांचा फरक. यशवंत तलावाकाठी सूर्य मावळला की दातावर दात वाजतात. इथे बादली-बर्फाचं काम नाही, बाटली व्हरांड्यात तासभर ठेवली की जास्तच गार होते. ग्लासाचं पोट दोन्ही तळव्यांत धरून बसावं लागलं. सेंट्रल ओटागोची पिनो झाकण फिरवून उघडायची, बूच नाही. ४५ अंश दक्षिणेची ही वाइन बर्गंडीपेक्षा गडद आणि फळांनी भरलेली. तिकडे दिवसा ऊन कडक, हवा कोरडी आणि रात्र गोठवणारी, त्यामुळे अल्कोहोल १३.५-१४ पर्यंत जातं आणि आंबटपणाही राहतो. ज्यांना बर्गंडी 'पातळ' वाटली त्यांना ही आधी द्यावी.

मग प्रश्न येतोच: एवढी उंची आहे, तर सातपुड्यात पिनो का नाही लावायची? आकडा बघू. पिनोला सगळ्या वाढीच्या हंगामाचं सरासरी तापमान १४ ते १६ अंश लागतं. जळगावच्या जानेवारीची, वर्षातल्या सर्वांत गार महिन्याची, सरासरी वीसच्या आसपास आहे. त्यातून सहा वजा केले तर तोरणमाळचा जानेवारी जेमतेम त्या पट्ट्यात बसतो, आणि वेलीला असे सात महिने हवेत. शिवाय पावसाळा. सातपुड्याच्या माथ्यावरचा जून-सप्टेंबर म्हणजे डाऊनी आणि भुरीला आमंत्रण. पिनोचा विषय तिथेच मिटतो.

सिराचा मिटत नाही. ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यात, २१-२२ अंश दक्षिण अक्षांशावर, म्हणजे आपण उत्तरेला आहोत जवळजवळ तितक्याच अंतरावर, नऊशे ते बाराशे मीटरच्या डोंगरांत सिरा घेतात. तिथला उन्हाळा पावसाचा, हिवाळा कोरडा. वेल वर्षातून दोनदा छाटतात, पहिल्या छाटणीनंतर आलेले घड काढून टाकतात, आणि दुसरी छाटणी अशी धरतात की मणी कोरड्या हिवाळ्यात पिकतील. काढणी जुलै-ऑगस्टमध्ये, त्यांच्या थंडीत. खरड छाटणी आणि गोडी छाटणी करणाऱ्या मराठी बागायतदाराला यात समजावून सांगण्यासारखं काही नाही, तारखा तेवढ्या सरकवायच्या आहेत. आपल्याकडे पाणी उतरणं नोव्हेंबरअखेर आणि काढणी जानेवारीत आणायची तर गोडी छाटणी ऑगस्ट-सप्टेंबरच्या सांध्यावर येते, म्हणजे बागलाणच्या आगाप वेळापत्रकाच्या थोडं मागे. जोखीम तीच: फुलोऱ्यात परतीचा पाऊस. दुपारी ऊन २८-२९ पर्यंत जाणार, त्यामुळे त्याला 'थंड प्रदेशातली वाइन' म्हणणं अतिशयोक्ती होईल. पण उतरत्या हवेत पिकलेली आणि चढत्या उन्हात पिकलेली, या दोन सिरांत मिऱ्याइतका फरक पडू शकतो. हजार मीटरवर नाही, तर पिंपळनेरच्या बाजूला पाच-सहाशे मीटरवर आधी करून बघावं, रस्ता आणि वीज तिथे आहे.

सहावा दिवस: तोरणमाळ – नंदुरबार – नवापूर

नंदुरबारच्या अलीकडे वाऱ्याबरोबर ठसका येतो. मिरचीच्या पथाऱ्या. एकरा-एकरांवर लाल मिरची वाळत पडलेली असते, नाकाला रुमाल लावूनच उतरावं. इथे नाक कामातून जातं, वाइन चाखायची तर बाजार बघून झाल्यावर किमान दोन तास थांबावं.

शेवटची बाटली शिनाँची, आणि तिच्या वासाचं नातंही मिरचीशीच, फक्त तिखटाशी नाही. ढोबळी मिरचीला जो हिरवा वास असतो तो मेथॉक्सीपायरॅझिन गटातल्या एका संयुगाचा. काबर्ने फ्राँच्या कच्च्या मण्यात ते भरपूर असतं, पिकताना आणि ऊन लागताना घटत जातं. गार वर्षी पुरेसं घटत नाही आणि वाइनला कच्च्या ढोबळीचा दर्प राहतो. चांगला बागायतदार पाणी उतरण्याच्या आधीच घडाजवळची पानं काढतो, नंतर काढून उपयोग थोडा. योग्य जमलं की हिरवेपणा मागे, शिसपेन्सिलीचा आणि रासबेरीचा वास पुढे. काबर्ने सोव्हिन्यों ही या फ्राँची आणि सोव्हिन्यों ब्लाँची संतती, हे १९९७ साली डीएनए चाचणीतून कळलं. लेकीपेक्षा फ्राँ हलकी, लवकर पिकणारी, गार हवेला सोसणारी.

तिच्यासोबत ओल्या तुरीच्या दाण्यांची उसळ आणि बाजरीची भाकरी. हिरव्या दाण्यांना हिरवी छटा साथ देते, भरितावर हीच वाइन कच्ची वाटली असती. तापमान १५. उघडल्यावर अर्धा तास ग्लासात मोकळी सोडावी, पहिला कोंदट वास उडून जातो.

नवापूरच्या पुढे गुजरात, आणि गुजरातेत दारूबंदी. नवापूरचं रेल्वे स्टेशनच दोन राज्यांत विभागलेलं आहे, फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात, दुसरा गुजरातेत. सुरतमार्गे रेल्वेने परतायचा विचार असेल तर पेटीत एकही बाटली नसावी, उघडलेली अर्धीही नाही. उरलेली पिनो किंवा गामे फ्रिजमध्ये, बूच उलटं न घालता घट्ट बसवून, दोन दिवस तग धरते. लहान बाटलीत काठोकाठ भरून ठेवली तर तीन-चार. त्यानंतर ती मटणाच्या रश्श्यात घालावी. बंद बाटल्या शिल्लक असतील तर नवापूरहून मागे फिरून विसरवाडी, कोंडाईबारी घाट आणि साक्रीमार्गे धुळे गाठावं. पूर्ण रस्ता महाराष्ट्रातला आहे. घाटात ट्रकांची रांग लागते, म्हणून पेटीतले जेलपॅक निघण्याआधी पुन्हा गोठवून घ्यावेत.